दोन ग्राफिक्सचा लॅपटॉप आणि लिनक्स: ड्रायव्हर दुरुस्तीचा नेमका क्रम

उबंटू किंवा मिंट टाकलं, एनव्हीडियाचा ड्रायव्हर बसवला, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी. मग मोबाईलवर शोधून एक कमांड, ती चालली नाही म्हणून दुसरी, आणि शेवटी लॅपटॉप सांगलीच्या विश्रामबागेतल्या नाहीतर साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या एखाद्या दुकानात. तिथून तो लिनक्स पुसून, विंडोज टाकून परत येतो. अशा बहुतेक लॅपटॉपांत चिप चांगली असते आणि ड्रायव्हरही चांगला असतो. एकावर एक तीन-चार उपाय चढवल्यामुळे नेमकं काय अडलं होतं तेच दिसेनासं झालेलं असतं.

खाली दिलेला क्रम उबंटू २२.०४ व २४.०४ आणि मिंट २१ व २२ यांच्यासाठी आहे. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर आणि सोबत एनव्हीडियाची वेगळी चिप, अशी जोडी गृहीत धरली आहे. टप्पे गाळू नका आणि एका वेळी एकच बदल करा. स्क्रीन आत्ताच काळी असेल तर आधी टप्पा ७ वाचा, मशीन सुरू करून घ्या आणि मग टप्पा १ पासून या.

कमांड इथं देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायच्या. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, एनव्हीडिया म्हणजे एन-व्ही-आय-डी-आय-ए. नाव अर्धं टाकून टॅब दाबलं की मशीन पुढचं पूर्ण करतं. ते पूर्ण झालं नाही तर स्पेलिंग चुकलंय किंवा ते पॅकेज मशीनवर नाही.

टप्पा १: स्क्रीन कोण चालवतंय ते बघा

अशा लॅपटॉपमध्ये स्क्रीनची वायर सहसा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हीडियाची चिप जड काम करते, तयार झालेलं चित्र प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे देते आणि तिथून ते स्क्रीनवर येतं. म्हणजे रोजच्या कामात इंटेल किंवा एएमडीचं नाव दिसणं हीच नीट चाललेल्या मशीनची खूण आहे. सेटिंग्जमध्ये इंटेलचं नाव बघून "ड्रायव्हर बसलाच नाही" असं ठरवणं आणि चांगला चाललेला ड्रायव्हर उपटून टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

टर्मिनल उघडा आणि `एलएसपीसीआय -के` चालवा. लांब यादी येईल. त्यात व्हीजीए किंवा ३डी कंट्रोलर असं लिहिलेल्या दोन नोंदी शोधा. प्रत्येक नोंदीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ असते; कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. इंटेलपुढे आय९१५ (नव्या चिपवर एक्सई), एएमडीपुढे एएमडीजीपीयू, आणि एनव्हीडियापुढे एनव्हीडिया किंवा नूव्हो. नूव्हो हा लिनक्ससोबत येणारा मुक्त ड्रायव्हर. साध्या कामाला चालतो, पण जड काम आणि वीजबचत या दोन्हींत तो अनेक चिपांवर कमी पडतो. एनव्हीडियाच्या नोंदीखाली ही ओळच नसेल तर त्या चिपला सध्या कुणीच वाली नाही.

या यादीतून आणखी एक गोष्ट कळते. एनव्हीडियाच्या नोंदीला "३डी कंट्रोलर" म्हटलं असेल तर त्या चिपला सहसा बाहेरचं एकही सॉकेट जोडलेलं नसतं आणि एचडीएमआय प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर असतो. "व्हीजीए" म्हटलं असेल तर एचडीएमआय बहुधा एनव्हीडियावर आहे. प्रोजेक्टर लावायची वेळ येईल तेव्हा याच माहितीवर पुढचं ठरतं, म्हणून लिहून ठेवा.

सोबत तीन गोष्टी कागदावर घ्या:

- चिपचं पूर्ण नाव, उदाहरणार्थ जीटीएक्स १६५० किंवा एमएक्स३३०.
- `यूनेम -आर` दिल्यावर येणारा कर्नलचा आकडा.
- `एमओकेयूटील --एसबी-स्टेट` दिल्यावर सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) चालू आहे की बंद.

तपासणी: चिप, तिचा सध्याचा ड्रायव्हर, कर्नल आणि सिक्युअर बूट ही चारही उत्तरं हातात असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: तयारी

बॅटरी निम्म्याहून जास्त हवी आणि चार्जरही लावलेला हवा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाईट जाते. बॅटरी खलास झालेला जुना लॅपटॉप अशा वेळी पॅकेज अर्धवट बसलेलं असतानाच बंद पडतो. तसं झालंच तर पुन्हा सुरू करून आधी `सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए` आणि मग `सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल` चालवा. या दोन्ही बिनतक्रार पूर्ण झाल्याशिवाय दुसरं काही बसवू नका.

नेटसाठी किमान १ जीबी डेटा मोकळा ठेवा, ड्रायव्हर आणि त्याची सोबतची पॅकेजेस काही शे एमबींची असतात. पाटणच्या किंवा जतच्या गावाकडे वायफाय नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. हॉटस्पॉटपेक्षा ते भरवशाचं, आणि लॅपटॉपचा वायफाय ड्रायव्हर रुसला तरी चालतं.

जागेसाठी `डीएफ -एच` बघा. मुख्य पार्टिशनवर ५ जीबी मोकळी हवी. बूट पार्टिशन वेगळं असेल तर तिथं ३०० एमबी तरी हवी. ते भरलेलं असलं की कर्नलसोबतची सुरुवातीची फाइल अर्धवट तयार होते आणि काळी स्क्रीन येते, दोष मात्र ड्रायव्हरवर जातो. जुने कर्नल काढायला `सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह` पुरतं.

आता टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची सध्याची प्रत, घ्या. मिंटमध्ये हे साधन आधीच असतं, उबंटूत `सुडो ॲप्ट इन्स्टॉल टाइमशिफ्ट` करून घ्यायचं. आरसिंक पद्धत निवडा. स्नॅपशॉट लिनक्सच्या, म्हणजे ईएक्सटी४ सारख्या पार्टिशनवरच जातो. विंडोजचा पेनड्राइव्ह लावून "जागा दिसत नाही" म्हणणारे खूप असतात, त्याचं कारण हेच. टाइमशिफ्ट तुमच्या होम फोल्डरची प्रत आपसूक घेत नाही, तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्ट आणि फोटो वेगळे कॉपी करा.

इशारा: त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. चालू असेल आणि तुम्ही बायॉसमध्ये सिक्युअर बूट बदललं, तर विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते. सेकंडहँड घेतलेल्या लॅपटॉपवर ते खातं आधीच्या मालकाचं असू शकतं. की हातात नसेल तर सिक्युअर बूटला हात लावू नका. टप्पा ५ मधला मार्ग ते चालू ठेवूनच आहे.

टप्पा ३: आधीचे अर्धवट उपाय काढा

नवा ड्रायव्हर जुन्यावर चढवायचा नाही. काढायच्या गोष्टी चार.

पहिली, एनव्हीडियाच्या वेबसाइटवरून घेतलेली रन फाइल. विंडोजची सवय असलेले लोक ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर शोधतात, ते साहजिक आहे. पण ती फाइल उबंटूच्या पॅकेज व्यवस्थेला न सांगता स्वतःच्या फाइली टाकते. पुढच्या अपडेटला दोन्हींची टक्कर होते. `सुडो एनव्हीडिया-अनइन्स्टॉल` चालवा. "कमांड सापडली नाही" असं उत्तर आलं तर रन फाइल बहुधा वापरलेली नाही, पुढे चला.

दुसरी, पॅकेजमधून बसवलेले जुने ड्रायव्हर. `सुडो ॲप्ट पर्ज` टाका, त्यापुढे एकेरी अवतरणचिन्हांत एनव्हीडिया हा शब्द, त्याच्या मागेपुढे एक-एक तारा. एंटर दाबल्यावर काय काय निघणार त्याची यादी दिसेल. ती वाचल्याशिवाय वाय दाबू नका. यादीत सिनॅमन, ग्नोम-शेल किंवा उबंटू-डेस्कटॉप अशी नावं दिसली तर एन दाबून थांबा, नाहीतर डेस्कटॉपच निघून जाईल.

तिसरी, एक्सऑर्ग डॉट कॉन्फ. ईटीसी फोल्डरमधल्या एक्स११ मध्ये या नावाची फाइल आहे का बघा. एनव्हीडिया-एक्सकॉन्फिग नावाची कमांड ती तयार करते, आणि जुन्या लेखांत ती कमांड सर्रास सांगितलेली असते. त्या फाइलमुळे सगळी स्क्रीन एनव्हीडियावर ढकलली जाते, पण लॅपटॉपची स्क्रीन तिला जोडलेलीच नसते. परिणाम काळी स्क्रीन. आजच्या उबंटू-मिंटवर ही फाइल लागत नाही. `सुडो एमव्ही` ने तिचं नाव बदलून ठेवा.

चौथी, नोमोडसेट. काळ्या स्क्रीनवर उपाय म्हणून हा शब्द ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स उघडणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये कायमचा लिहिलेला सापडतो. त्यामुळे एनव्हीडियासोबत इंटेल आणि एएमडीचं ग्राफिक्सही बंद पडतं. स्क्रीन दिसते, पण चित्र प्रोसेसर हाताने काढतो, पंखा सतत फिरतो, ब्राइटनेस बदलत नाही, सस्पेंड बिघडतं. ईटीसी, डीफॉल्ट, ग्रब ही फाइल `सुडो नॅनो` ने उघडा, "क्वाएट स्प्लॅश" शेजारचं नोमोडसेट खोडा, सेव्ह करा आणि `सुडो अपडेट-ग्रब` द्या.

एखादं पीपीए, म्हणजे पॅकेजेसचा बाहेरचा साठा, जोडलं असेल तर तेही सॉफ्टवेअर सोर्सेसमधून बंद करा. ड्रायव्हर एकाच ठिकाणाहून यायला हवा.

इशारा: टप्पा ३ आणि ४ यांच्या मध्ये रीस्टार्ट करू नका. जुना ड्रायव्हर काढल्यावर पुढच्या बूटला नूव्हो पुढे येतो आणि काही चिपांवर तो तिथंच अडकतो.

टप्पा ४: योग्य ड्रायव्हर निवडा आणि एकदाच बसवा

आधी `सुडो ॲप्ट अपडेट` आणि `सुडो ॲप्ट अपग्रेड`. अपग्रेडमध्ये नवा कर्नल आला तर त्याचे हेडर्स सोबत असायला हवेत, कारण ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग अनेकदा त्या हेडर्सवरून तुमच्याच मशीनवर तयार केला जातो. `सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-` असं लिहून पुढे, मध्ये जागा न सोडता, यूनेमने दिलेला आकडा जोडा. अपग्रेडमध्ये नवा कर्नल आला असेल तर त्याच्या आकड्यासहही हीच कमांड द्या, कारण यूनेम सध्या चालू असलेल्या कर्नलचाच आकडा सांगतं.

मग `उबंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस` चालवा, किंवा उबंटूत ॲडिशनल ड्रायव्हर्स आणि मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तीन-चार नावं दिसतील आणि एकापुढे "रेकमेंडेड" असेल. बहुतेकांनी तेच घ्यावं. पण नावांमधला फरक समजून घ्या, कारण चूक इथंच होते.

नावात "सर्व्हर" असेल तो मोठ्या सर्व्हरवर गणितं करणाऱ्या मशीनसाठी आहे, तो सोडा. नावात "ओपन" असेल त्याचा कर्नलमधला भाग मुक्त आहे आणि तो ट्युरिंग व त्यापुढच्या पिढ्यांवरच चालतो: जीटीएक्स १६ मालिका, आरटीएक्स २०, ३०, ४०, आणि एमएक्स४५० सारख्या चिपा. आरटीएक्स ५० मालिकेला तर ओपनच लागतो. उलट जीटीएक्स १०५०, एमएक्स१५०, एमएक्स३३० या पास्कल पिढीच्या चिपांवर आणि ९४०एमएक्स, एमएक्स१३० या मॅक्सवेलवर ओपन बसवला तर पॅकेज गुपचूप बसतं आणि चिप मात्र सापडत नाही. तिथं "ओपन" नसलेला घ्या.

जुन्या चिपांचा हिशोब आवृत्तीच्या आकड्यावर आहे. मॅक्सवेल आणि पास्कलला ५८० ही शेवटची शाखा. ९२०एम सारख्या केप्लर चिपांना ४७०. ८२०एम सारख्या फर्मी चिपांची ३९० शाखा एनव्हीडियाने केव्हाच थांबवली आहे. त्या लॅपटॉपवर झगडत बसण्यापेक्षा प्रोसेसरचं ग्राफिक्स वापरावं. दहा वर्षांपूर्वीची ती चिप आजच्या साध्या इंटेल ग्राफिक्सहून फार पुढे नाही.

निवड झाली की ॲप्लाय चेंजेस. रेकमेंडेडच टर्मिनलमधून बसवायचा तर `सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल`. पट्टी मध्येच पाच-दहा मिनिटं हलत नाही, तेव्हा मशीनवर मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग, तयार होत असतं. खिडकी बंद करू नका.

तपासणी, रीस्टार्टच्या आधी: `डीकेएमएस स्टेटस` मध्ये (डीकेएमएस म्हणजे हे मॉड्यूल तयार करणारं साधन) तुमच्या कर्नलच्या आकड्यापुढे "इन्स्टॉल्ड" दिसायला हवं. नुसतं "ॲडेड" म्हणजे मॉड्यूल तयारच झालेलं नाही, हेडर्स पुन्हा बघा. उत्तर पूर्ण रिकामं आलं तर घाबरू नका, उबंटूने आधीच तयार केलेलं मॉड्यूल वापरलं असण्याची शक्यता आहे. त्यावर उबंटूची सही असते आणि टप्पा ५ ची गरजही पडत नाही.

टप्पा ५: सिक्युअर बूटची निळी स्क्रीन

सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. तुमच्या मशीनवर तयार झालेल्या मॉड्यूलवर तुमच्याच मशीनची किल्ली सही करते. ती किल्ली ओळखीची आहे असं फर्मवेअरला एकदा सांगावं लागतं. हे काम रीस्टार्टच्या वेळी, एका निळ्या स्क्रीनवर होतं आणि ती स्क्रीन बहुतेकांच्या हातून निसटते.

ड्रायव्हर बसताना "कॉन्फिगरिंग सिक्युअर बूट" अशी चौकट येते आणि ८ ते १६ अक्षरांचा पासवर्ड मागते. हा तुमचा लॉगिन पासवर्ड असण्याची गरज नाही, एकदाच लागणार आहे. साधी छोटी अक्षरं आणि अंक ठेवा. विशेष चिन्हं टाळा, कारण पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. पासवर्ड कागदावर लिहा.

आता रीस्टार्ट करा आणि समोरून हलू नका. निळ्या पार्श्वभूमीवर "प्रेस एनी की टू परफॉर्म एमओके मॅनेजमेंट" अशी ओळ आणि १० सेकंदांची उलटी मोजणी येते. कुठलंही बटण दाबा. मेन्यूत पहिला पर्याय कंटिन्यू बूट असतो. सवयीने एंटर दाबाल तर सगळं वाया जाईल. खालच्या बाणाने एनरोल एमओके वर या, एंटर. पुढे कंटिन्यू, मग येस, मग पासवर्ड. टाइप करताना काही दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. अंक वरच्या ओळीतून टाका, कारण बाजूचं नमपॅड तिथं चालेलच असं नाही. शेवटी रीबूट.

निळी स्क्रीन निसटली तर पुन्हा मागवता येते. `सुडो एमओकेयूटील --इम्पोर्ट` लिहून पुढे किल्लीचा पत्ता द्यायचा: व्हीएआर, एलआयबी, शिम-साइन्ड, एमओके या फोल्डरमधली एमओके डॉट डीईआर ही फाइल. फोल्डरचं नाव छोट्या अक्षरांत आणि फाइलच्या नावातली एमओके ही तीन अक्षरं कॅपिटल. नवा पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा, वरचाच क्रम.

लॉगमध्ये "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं दिसलं तर दुखणं नेमकं हेच आहे. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवल्याने ते जात नाही. किल्ली नोंदवल्यानेच जातं.

टप्पा ६: बसला की नाही, ते या क्रमाने तपासा

`एनव्हीडिया-एसएमआय` चालवा. चौकोनी तक्ता आला, त्यात चिपचं नाव आणि तापमान दिसलं, म्हणजे ड्रायव्हर बसला. खाली एक्सऑर्गपुढे ४ एमबी वगैरे दिसेल, ते नेहमीचं आहे. "कुडंट कम्युनिकेट विथ द एनव्हीडिया ड्रायव्हर" आलं तर मॉड्यूल आत गेलेलं नाही: टप्पा ५ आणि डीकेएमएस तपासा. "ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच" आलं तर अपडेट झालंय आणि रीस्टार्ट राहिलाय. एक रीस्टार्ट पुरतो, बाकी कशाला हात लावू नका.

मग मेसा-युटिल्स हे पॅकेज बसवून `जीएलएक्सइन्फो -बी` (बी कॅपिटल). रेंडरर या ओळीत इंटेल किंवा एएमडी दिसलं तर उत्तम. एलएलव्हीएमपाइप दिसलं तर दोन्ही ग्राफिक्स बंद आहेत आणि सगळा भार प्रोसेसरवर आहे. नोमोडसेट कुठेतरी शिल्लक राहिलंय का बघा.

शेवटी एनव्हीडियावर काम ढकलून बघा. `स्विचरूसीटीएल लाँच -जी १ जीएलएक्सइन्फो -बी` दिल्यावर रेंडररच्या ओळीत एनव्हीडियाचं नाव यायला हवं. रोज वापरताना कमांडची गरज नाही. ॲपच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की उबंटू आणि मिंट दोन्हींत वेगळ्या ग्राफिक्सवर चालवण्याचा पर्याय येतो. ब्लेंडरमध्ये याशिवाय प्रेफरन्सेस, सिस्टीममध्ये जाऊन कूडा किंवा ऑप्टिक्स निवडावं लागतं. एखादं ॲप फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल आणि फक्त त्यालाच एनव्हीडिया दिसत नसेल तर `फ्लॅटपॅक अपडेट` करा. फ्लॅटपॅक आपली वेगळी ड्रायव्हर प्रत ठेवतं आणि तिचा आकडा मशीनच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावा लागतो.

टप्पा ७: काळी स्क्रीन

आधी दोन मिनिटं थांबा. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन आलं तर मशीन जिवंत आहे, फक्त चित्राची बाजू अडली आहे. तिथूनच लॉगिन करून टप्पा ३ ची सफाई आणि टप्पा ४ करता येतो.

काहीच आलं नाही तर बंद करून सुरू करा आणि कंपनीचा लोगो जाताच एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप सारखं दाबत राहिलात तर मेन्यूऐवजी ग्रबचा नुसता प्रॉम्प्ट येतो. तसं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने पुन्हा सुरू करा.

मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि एक पायरी जुना कर्नल निवडा. त्यावर मशीन नीट उघडलं तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल तयार झालेलं नाही. नव्या कर्नलचे हेडर्स बसवा आणि `सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के` लिहून पुढे जागा सोडून नव्या कर्नलचा आकडा द्या.

जुना कर्नलही अडला तर मेन्यूतल्या पहिल्या ओळीवर ई दाबा. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, एंड दाबून तिच्या टोकाला जा, जागा सोडून नोमोडसेट लिहा (एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी), एफ१० दाबा. हा बदल त्या एकाच बूटपुरता असतो आणि तो तेवढाच ठेवायचा. उघडलेल्या मशीनमध्ये `जर्नलसीटीएल -के -बी -१` ने आधीच्या, फसलेल्या बूटचा कर्नल लॉग बघा. एनव्हीआरएम किंवा नूव्हो असलेल्या ओळी वाचा. "एपीआय मिसमॅच" म्हणजे दोन आवृत्त्यांची सरमिसळ, टप्पा ३ वर परत. नूव्होच्या चुकांची रांग म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही, टप्पा ४.

काहीच जमलं नाही तर रिकव्हरी मोड, रूट, आणि `टाइमशिफ्ट --रिस्टोर`. टप्पा २ मधला स्नॅपशॉट इथं कामी येतो.

टप्पा ८: मोड, प्रोजेक्टर आणि बॅटरी

`प्राइम-सिलेक्ट क्वेरी` सध्याचा मोड सांगते. मोड तीन: इंटेल, ऑन-डिमांड आणि एनव्हीडिया. बदलायला `सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड` आणि रीस्टार्ट. मिंटमध्ये हेच पॅनेलवरच्या चिन्हातून होतं. रोजच्या वापराला ऑन-डिमांड ठेवा.

इंटेल मोडमध्ये एनव्हीडियाची चिप पूर्ण बंद होते. एचडीएमआय तिला जोडलेला असेल तर तोही बंद. सांगली-कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रोजेक्टच्या सादरीकरणाला लॅपटॉप लावला, प्रोजेक्टरवर "नो सिग्नल", असं झालं की मुलं केबल बदलत बसतात. बॅटरी वाचवायला आदल्या रात्री इंटेल मोड केलेला असतो, तो कुणाच्या लक्षात राहत नाही. सादरीकरणाच्या आदल्या दिवशीच ऑन-डिमांड करा आणि घरच्या टीव्हीला लावून खात्री करा.

ऑन-डिमांडमध्ये काम नसताना चिप झोपायला हवी. सिस, बस, पीसीआय, डिव्हायसेस या फोल्डरमध्ये चिपच्या क्रमांकाचं फोल्डर असतं, बहुधा ००००:०१:००.०. त्यातल्या पॉवर फोल्डरमधली रनटाइम_स्टेटस ही फाइल `कॅट` ने वाचा. "सस्पेंडेड" हवं. तपासायला एनव्हीडिया-एसएमआय वापरू नका, तिच्यामुळेच चिप जागी होते आणि आकडा खोटा पडतो. पॅनेलवर तापमान दाखवणारं विजेटही दर दोन सेकंदांनी चिपला उठवत असतं. ते काढल्यावर बॅटरी वाढलेली दिसते.

अशी झोप ट्युरिंग आणि पुढच्या चिपांनाच येते. पास्कल किंवा मॅक्सवेलवर कितीही खटपट केली तरी "ॲक्टिव्ह" राहतं. एप्रिल-मे मध्ये सांगलीचा पारा ४० अंशांच्या आसपास असताना असा लॅपटॉप मांडीवर ठेवता येत नाही. तिथं इंटेल मोड हाच इलाज, आणि गरज पडली की ऑन-डिमांड.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी

व्हिडिओत आडव्या रेषा तुटत असतील तर सिस, मॉड्यूल, एनव्हीडिया_डीआरएम, पॅरामीटर्समधली मोडसेट ही फाइल `सुडो कॅट` ने वाचा. वाय हवं. एन असेल तर ग्रबच्या फाइलमध्ये क्वाएट स्प्लॅशपुढे `एनव्हीडिया-डीआरएम.मोडसेट=१` लिहून अपडेट-ग्रब करा. हे नोमोडसेटच्या अगदी उलट काम करतं, दोन्ही एकत्र ठेवू नका.

इंटेलवर स्क्रीन लुकलुकत असेल तर त्याच ठिकाणी `आय९१५.इनेबल_पीएसआर=०` वापरून बघा. फरक पडला नाही तर काढून टाका.

झाकण लावून उघडल्यावर चित्राच्या चिंध्या दिसत असतील तर `सिस्टिमसीटीएल स्टेटस एनव्हीडिया-सस्पेंड` बघा. डिसेबल्ड असेल तर एनव्हीडिया-सस्पेंड आणि एनव्हीडिया-रिझ्यूम या दोन्ही सेवा `सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल` ने चालू करा.

दोन्ही ग्राफिक्स एएमडीची असतील तर टप्पा ३ ते ५ लागतच नाहीत, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. जड ॲप वेगळ्या चिपवर चालवायला कमांडच्या आधी `डीआरआय_प्राइम=१` (सगळी अक्षरं कॅपिटल) लिहिलं की झालं. ते चाललं नाही तर नवा कर्नल आणि फर्मवेअरचं अपडेट घ्या. एएमडीच्या साइटवरचा वेगळा ड्रायव्हर लॅपटॉपवर लागत नाही.

यापुढे अपडेटमध्ये नवा कर्नल आला की रीस्टार्टच्या आधी डीकेएमएस स्टेटस बघा, आणि चालू असलेला जुना कर्नल आठवडाभर तरी काढू नका.